जाळीआडचा थुंक्या

"परत आला! आणि परत फिरला!"

पिंगळी एवढ्या जोरात ओरडली, की पुढे चालणारे पाहुणे आजोबा दचकून कुंपणालाच बिलगले.

"काय झालं? कोण आला?" मावशीने मागे वळून विचारलं.

"तो राखाडी पक्षी! कड्यापाशी येतो, पाय खाली सोडतो, आता टेकणार असं वाटतं आणि वळतो! मघापासून तेच चाललंय त्याचं!"

मावशीने दुर्बीण लावली, क्षणभर बघितलं आणि खाली केली. "वाऱ्यावर खेळतोय गं. या पक्ष्यांना सवयच असते. चला मंडळी, पुढच्या वळणावर बसायला बाकं आहेत!"

मंडळींना बाकं बघून जेवढा आनंद झाला, तेवढा अख्ख्या सहलीत झाला नव्हता. पक्षी दाखवते असं सांगून मावशीने त्यांना आणलं होतं आणि पक्ष्यांचाच पत्ता नव्हता! उन्हाळ्याच्या सुरुवातीला या कड्यावर पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. पक्ष्यांचा असा काही कलकलाट, की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागायचं. आता उन्हाळा सरत आला होता. पिल्लं मोठी झाली, उडाली, त्यांच्यामागून आईबापही समुद्रावर निघून गेले. मागे उरले ते खडकावरचे पांढरे ओघळ आणि वारा. मावशीची ही हंगामातली शेवटची सहल होती आणि ती कशीबशी उरकायच्या बेतात होती.

पिंगळी नेमकी याच वेळी इथे येऊन पडली होती. आईची बदली झाली होती. नव्या गावात घर मिळेपर्यंत हिला मावशीकडे ठेवायचं ठरलं. जुनी शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, नवी शाळा अजून सुरू व्हायची होती. थोडक्यात, ती सध्या कुठलीच नव्हती. 'पिंगळी' हे नाव जुन्या वर्गातलं. जाड भिंगांचा चष्मा आणि मान वळवून घुबडासारखं एकटक बघत राहायची खोड, त्यावरून पडलेलं. तिथे त्या नावाचा तिला भारी राग यायचा. इथे आल्यावर मात्र कोणी विचारायच्या आत तिने स्वतःच ते सांगून टाकलं. निदान ओळखीचं काहीतरी सोबत असावं, म्हणून.

मावशी प्रेमळ होती, पण कामात बुडालेली. पाहुण्यांच्या खोल्या आवरायच्या, चादरी धुवायच्या, भाड्याने दिलेले बूट पुसून जोड्या लावायच्या. पिंगळी दिवसभर खिडकीत नाहीतर कड्यावर. आईचा फोन आला की ती "मी मजेत आहे" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायची. तिला फार एकटं वाटत होतं. हे सांगायचं कोणाला, हाच तर प्रश्न होता.

"ए पिंगळी, काय बघतेस गं एवढं?"

हा आवाज कप्तानचा. नावाड्याचा मुलगा. बापाची जुनी टोपी डोक्यात घालून सगळ्यांवर हुकूम सोडायचा, म्हणून कप्तान. त्याच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालणारी त्याची धाकटी बहीण म्हणजे शेपूट. दोघं वाटेवरच्या खुणेच्या झेंड्या गोळा करायला आले होते. सहली संपल्या, आता झेंड्या कोणासाठी?

पिंगळीने बोट दाखवलं. समोर कड्याचा मोठा भाग नव्या लोखंडी जाळीने झाकला होता. खालच्या वाटेवर दगड पडू नयेत म्हणून कामगारांची टोळी आठवडाभर ती जाळी बसवत होती. राखाडी पक्षी पुन्हा आला. पंख ताठ, पाय खाली. जाळीच्या अगदी जवळ थबकला आणि वळून समुद्राकडे गेला.

"तो खेळत नाहीये," पिंगळी म्हणाली. "त्याला आत जायचंय."

"आत काय आहे?"

"तेच बघायचंय."

कप्तानला हुकूम सोडायची संधी हवीच होती. "चला! समोरच्या सोंडेवरून दिसेल. शेपटे, झेंड्या टाक इथेच!"

"मीच का टाकू? तूच दिल्यास माझ्याकडे सगळ्या!" शेपूट कुरकुरली, पण टाकल्या.

सोंडेवरच्या कुंपणामागे तिघं पोटावर पालथी पडली. वारा डोळ्यांतून पाणी काढत होता. पिंगळीने मावशीकडून आणलेली दुर्बीण लावली. जाळी, जाळीमागे पुढे आलेला खडक, त्याच्या खाली काळोखी कपार. आणि त्या काळोखात पांढुरकं, गुबगुबीत असं काहीतरी.

"आहे! गोळा आहे एक! कापसासारखा!"

"बघू!" कप्तानने दुर्बीण ओढली. "हॅट्, फेस आहे तो. लाटांचा फेस वाऱ्याने उडून वर अडकतो. आमच्या घराच्या कौलांवरसुद्धा येतो."

"फेस हलतो का?"

"वाऱ्याने हलतो की!"

"मग बाकीचा फेस का नाही हलत?"

कप्तानने पुन्हा पाहिलं आणि टोपी मागे सारली. एवढ्यावरून त्याचं मत बदललं असावं, पण कबूल करेल तो कप्तान कसला! "मावशींना सांगू," तो घाईने म्हणाला.

मावशी स्वयंपाकघरात चादरींच्या ढिगामागे होती. तिने सगळं ऐकलं, म्हणजे 'हं, हं' केलं. "अगं, ते गेले सगळे. उशिरातलं उशिरा पिल्लूसुद्धा मागच्या आठवड्यात उडालं. आणि मुकादमांनी जाळी सोडायच्या आधी तपासलंय ना! होडीतून भोंगा वाजवला, एक पक्षी उडाला नाही. ही टोकं धर बघू."

पिंगळीने चादरीची टोकं धरली. घडी घातली. मग दुसरी. तिला रडू येत होतं, पण चादरी घडी करताना रडणं बरं दिसत नाही.

"आता मुकादम!" बाहेर आल्यावर कप्तान म्हणाला.

कामगारांची पत्र्याची शेड कड्याच्या माथ्यावर होती. आत भिंतीला दोरांची वेटोळी, खुंट्यांना हेल्मेटं, मधोमध लांब टेबल. चहाची वेळ होती. पण चित्र मोठं गमतीदार होतं! टेबलाच्या एका टोकाला सगळी टोळी दाटीवाटीने एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी आणि दुसऱ्या टोकाला एकच उंच कामगार, हातात कप, चेहरा पडलेला. त्याला सगळे लांबूभाऊ म्हणत.

तिघांनी आत पाऊल टाकलं आणि तिघांचे हात एकदम नाकाला गेले. सडक्या माशांचा वास! तोही आठवडाभर उन्हात ठेवलेल्या!

"बघा, पोरंसुद्धा पळाली!" एक कामगार म्हणाला. "लांबूभाऊ, तुम्ही बाहेर वाऱ्यावर बसा ना राव!"

"दोनदा साबण लावलाय जॅकेटला!" लांबूभाऊ काकुळतीला आले. "माझी काय चूक? कॉम्प्रेसरच गळतोय! काल ड्रिल मारत होतो, पचकन अंगावर तेल आलं!"

"माझा कॉम्प्रेसर गळत नाही!" दारातून आरोळी आली. ग्रीसने माखलेला मेकॅनिक पाना उगारून उभा होता. त्याच्या मागे, गवतावर, बिचाऱ्या कॉम्प्रेसरचे सगळे अवयव मांडून ठेवले होते. "सकाळपासून उघडून बसलोय. एक वॉशर फाटलेला नाही, एक नळी चिरलेली नाही! गळती दाखवा, मिशी काढून देतो!"

"मिशी नको, काम हवं!" हे मुकादम. नवंकोरं नारिंगी जॅकेट, त्यावर डाग नाही की सुरकुती नाही. "संध्याकाळच्या आत यंत्र जुळव. उरलेले बोल्ट ठोकून जाळी ताणली की सुटलो. सगळे लेकाचे घरी जायला टपून बसलेत."

संध्याकाळच्या आत! आत्ता जाळी नुसती सोडलेली होती. एकदा ताणून खडकाला घट्ट बसली, की आतलं कायमचं आत.

तेवढ्यात शेपूट, जी कधी कोणाच्या पुढे जात नसे, ती नाक धरून सरळ लांबूभाऊंपाशी गेली. वाकून तिने जॅकेटच्या बाहीवरून बोट फिरवलं आणि हुंगलं.

"ई! हा तर थुंक्याचा वास!"

"कोणाचा?"

"थुंक्याचा! तो राखाडी पक्षी नाही का! त्याच्या पिल्लाच्या जवळ गेलं की ते पोटातलं तेल थुंकतं. एकदा बाबांच्या शर्टावर थुंकलं होतं. आईने शर्ट धुतलाच नाही, खड्डा खणून पुरला!"

टोळी खो-खो हसली. पिंगळीला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागच्या जागी बसत होती. कड्यापाशी येऊन परत फिरणारा पक्षी. कपारीतला पांढरा गोळा. आणि आता हे तेल.

"लांबूभाऊ, तेल अंगावर आलं तेव्हा तुम्ही कुठे होता? पुढे आलेल्या खडकापाशी?"

"हो गं. त्याच्या बाजूलाच. का?"

"आणि तेल वरून आलं? की बाजूने?"

लांबूभाऊंनी कप खाली ठेवला. "बाजूने आलं," ते सावकाश म्हणाले. "नळी तर वर होती!"

"काका," पिंगळी मुकादमांकडे वळली, "तिथे पिल्लू आहे. जाळीच्या आत. त्याची आई खाऊ घालायला येते आणि जाळी बघून परत जाते. ते उपाशी आहे!"

"हे बघ बाळ," मुकादम म्हणाले. लोक 'हे बघ बाळ' म्हणाले की समजावं, ते आपलं ऐकणार नाहीत. "मी काही आंधळा नाही. नियमाप्रमाणे होडीतून तीन वेळा भोंगा वाजवला. एक पाखरू उडालं नाही. कडा रिकामा आहे."

"पण काका, भोंगा वाजल्यावर ज्याला उडता येतं तोच उडणार ना?" पिंगळीचा आवाज कापायला लागला. "ज्याला उडताच येत नाही, तो काय करणार? घाबरून गप्प बसणार. गप्प बसलं म्हणजे कोणी नाहीच, असं कसं धरलंत तुम्ही?"

पिंगळीचे कान गरम झाले. एवढं लांब वाक्य ती इथे आल्यापासून बोललीच नव्हती.

मुकादम खाकरले. "पुरावा काय? वास? वासावर काम थांबवू?"

कप्तान इतका वेळ गप्प होता, हेच नवल! आता त्याने टोपी सरळ केली आणि मेकॅनिकला डोळा मारला. "मुकादमकाका, गळती शोधायचीय ना तुम्हाला? आम्ही दाखवतो. कॉम्प्रेसर उघडून पडलाय. नळ्या वर ओढून घेतल्यात. कड्यावर तेलाचा थेंबसुद्धा नाही. आता कोणीतरी त्याच खडकापाशी उतरायचं. काही अंगावर आलं नाही, तर आम्ही तिघं माफी मागू आणि तुमचं सगळं सामान गाडीत भरू. आलं, तर...?"

"तर माझा कॉम्प्रेसर निर्दोष!" मेकॅनिक गरजला. "मुकादम, उतरवाच कोणालातरी!"

सगळ्यांनी लांबूभाऊंकडे पाहिलं. लांबूभाऊंनी दोन्ही हात जोडले. "मी नाही! माझं एकच जॅकेट आहे!"

"कोणी नको!" मुकादम चिडून उठले. "मीच उतरतो. एकदाचा पोरखेळ संपवून टाकू!"

त्यांनी पट्टे बांधले, हेल्मेट चढवलं, दोर दोनदा ओढून पाहिले. बाकी काहीही म्हणा, दोराच्या बाबतीत माणूस पक्का होता. तिघं मुलं धावत सोंडेवरच्या कुंपणापाशी गेली. मागून अर्धी टोळी आली. गडबड ऐकून मावशीसुद्धा आली, हातात बुटाचा ब्रश तसाच.

नारिंगी ठिपका जाळीवरून हळूहळू खाली सरकला. खडकाच्या बाजूला थांबला. मुकादमांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग सोंडेकडे वळून हात हलवला, म्हणजे 'काही नाही!'

"आत बघा, काका! खडकाच्या खाली!" पिंगळी जिवाच्या आकांताने ओरडली.

मुकादमांनी खांदे उडवले, वाकले आणि जाळीला नाक लावून कपारीत डोकावले.

फच्च!

"अयाई गंऽऽ!"

ती किंकाळी थेट शेडपर्यंत ऐकू गेली असणार. मुकादम दोरावर गरगर फिरत होते. पिवळंजर्द तेल हेल्मेटवरून नाकावर, नाकावरून मिशीवर आणि तिथून नव्याकोऱ्या जॅकेटवर ओघळत होतं!

"गळती सापडली!" कप्तानने टोपी हवेत उडवली.

"माझा कॉम्प्रेसर निर्दोष!" मेकॅनिक चक्क नाचायला लागला. लांबूभाऊ पोट धरून खाली बसले. कालपासून पहिल्यांदाच त्यांच्यापेक्षा जास्त वास मारणारा माणूस टोळीत आला होता.

मुकादम मात्र ओरडायचे थांबले होते. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा आत पाहिलं, या वेळी जरा लांबून. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी वर तोंड करून हाक दिली, आणि त्यांच्या आवाजात मघाची गुर्मी नव्हती. "जाळी वर घ्या! हळू! आत पिल्लू आहे! माझ्या हातापेक्षा मोठं नाही हो काही!"

दोघेतिघे धावले. खडकापुरती जाळी गुंडाळून वर बांधली. मुकादम वर आले, सगळे मागे सरले आणि वाट बघत राहिले. राखाडी पक्षी लांबून आला, कड्यापाशी थबकला, पाय खाली सोडले. पक्षी सरळ कपारीत शिरला आणि दिसेनासा झाला.

"टेकला!" शेपूट किंचाळली. ती कप्तानच्या पुढे उभी होती, हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

मावशी पिंगळीजवळ आली. ब्रश खिशात कोंबून तिने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तू सकाळी सांगितलंस, दुपारी सांगितलंस. आणि मी तुझ्या हातात चादरी दिल्या! इतकी वर्षं लोकांना पक्षी दाखवत हिंडते मी, या वेळी तू मला दाखवलास. चुकले गं बाई."

"तिघंही शहाणी पोरं आहेत," मुकादम लांबूनच म्हणाले. लांबून बोलण्यात त्यांचा समजूतदारपणा होता. "ते पिल्लू जाईपर्यंत तेवढी जाळी उघडी राहील. बोल्ट मी स्वतः शेवटी ठोकीन. आणि भोंग्यावर यापुढे माझा विश्वास नाही."

त्या दिवशी शेडमध्ये तिघांना टेबलाच्या मानाच्या जागी बसवून चहा पाजला. बटाट्याची भजी आणि पावसुद्धा होता. मुकादमांना मात्र कप बाहेर नेऊन दिला.

पुढचे दिवस लवकर सरले. कप्तान आणि शेपूट यांची शाळा सुरू झाली. जाताना कप्तान म्हणाला, "काही झालं तर लक्षात ठेवून सांग, सगळं!" टोळीचं बाकीचं काम संपलं, माणसं एकेक करून घरी गेली. मुकादम आणि लांबूभाऊ तेवढे मागे राहिले, त्या एका कपारीसाठी. आईचं घर अजून मिळालं नव्हतं. पिंगळी रोज सकाळी सोंडेवर जाऊन बसायची. पिल्लाचा कापूस झडत चालला होता, खालून राखाडी पिसं दिसायला लागली होती. ते उडण्याजोगं झालं, तसे त्याचे आईबापही येईनासे झाले. दिवसभर ते एकटंच कपारीच्या तोंडाशी येऊन बसायचं आणि समुद्राकडे बघायचं. पिंगळी त्याच्याकडे बघायची. तिला आता सकाळी उठावंसं वाटायचं.

एका सकाळी वारा खालून वर येत होता. मुकादम धुऊन धुऊन फिकं पडलेलं जॅकेट घालून कुंपणापाशी आले आणि तिच्याशेजारी गवतावर बसले. वास अजून पुरता गेला नव्हता.

"काय म्हणतोय आपला थुंक्या?"

"बघा ना, पंख उघडतोय!"

पिल्लू कपारीच्या काठावर उभं होतं. त्याने पंख पसरले, मिटले, पुन्हा पसरले. मग काही कळायच्या आत ते पुढे झुकलं आणि पडलं. ते दगडासारखं खाली गेलं, लाटांच्या अगदी जवळ वाऱ्याने त्याला उचललं, ते डावीउजवीकडे हेलकावलं, आणि मग पंख ताठ झाले. ते उडत होतं! कड्याभोवती एक घिरटीसुद्धा न घालता, एकदाही न वळता ते समुद्राकडे निघून गेलं. ठिपका झालं. मग ठिपकाही दिसेना.

"शाबास!" मुकादमांनी मांडीवर थाप मारली. "शाबास रे पठ्ठ्या! आणि पोरी, शाबासकी खरी तुझी. तू नसतीस, तर आम्ही त्याला जिवंत गाडलं असतं."

पिंगळीने चष्मा काढला होता आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अगं, रडतेस कशाला? सुटलं ना ते!"

"म्हणूनच," पिंगळी म्हणाली.

मुकादमांनी तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या कपारीकडे पाहिलं. कड्याच्या माथ्यावरून लांबूभाऊ त्यांना हाका मारत होते. शेवटचे बोल्ट ठोकायला आता हरकत नव्हती. मुकादमांनी हाक ऐकली, हात वर करून थांबायला सांगितलं आणि ते तिच्याशेजारी तसेच बसून राहिले.